डिसहार्टन: धीर खचवणाऱ्या क्रियापदाची फोड

अक्षरवेल

नमस्कार मंडळी.

भाषांतराच्या कामात एक इंग्रजी क्रियापद सारखं आडवं येतं: डिसहार्टन. कोश उघडावा तर समोर 'निराश करणे' नाहीतर 'नाउमेद करणे' एवढंच. अर्थ चुकीचा नाही. पण डिसअपॉइंट, डिसकरेज, डिप्रेस आणि डिसहार्टन या चौघांनाही आपण 'निराश करणे' याच दावणीला बांधतो, आणि लेखकाने चारांतून नेमका हाच का उचलला ते वाचकाला कळायचं राहून जातं. मला हा शब्द मनापासून आवडतो. त्याची नीट फोड करून बघावी म्हणून हा धागा.

सुरुवातीला उपसर्ग 'डिस', मध्ये 'हार्ट', शेवटी प्रत्यय 'एन'. मधल्यापासून सुरू करते.

हार्ट म्हणजे हृदय, हे कुणाला सांगायला नको. पण इथे छातीत धडधडणारं इंद्रिय अभिप्रेत नाही, आणि प्रेमाचं ठिकाणही नाही. इंग्रजीत हृदय हे पूर्वापार धैर्याचंही घर मानलं गेलं. 'टेक हार्ट' म्हणजे धीर धर. 'लूज हार्ट' म्हणजे धीर सोडणं. मराठीत हे काम आपण छाती आणि काळीज यांच्याकडून करून घेतो: 'पुढे जायची त्याची छाती झाली नाही', 'वाघाचं काळीज आहे'. हृदय मात्र आपण कोमल भावनांसाठी राखून ठेवलं. त्यामुळे भाषांतरात 'हृदय' शब्दाच्या मागे लागलं की घोळ होतो. 'हृदयभंग' लिहिलंत तर वाचक थेट प्रेमप्रकरणात जाऊन पोचतो.

आता 'एन'. माझ्या मते या शब्दातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामसू तुकडा हाच. नामाला किंवा विशेषणाला लागून तो क्रियापद घडवतो: सॉफ्टचं सॉफ्टन, हार्डचं हार्डन, फ्राइटचं फ्राइटन. आपल्या व्याकरणात याला नामधातू म्हणतात. पाणी-पाणावणे, लाथ-लाथाडणे, हात-हाताळणे ही आपली मंडळी. तर हार्ट + एन = हार्टन, म्हणजे धीर देणं, उभारी देणं. हे क्रियापद सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. आजही 'हार्टनिंग न्यूज' म्हणजे उभारी देणारी बातमी.

मग त्याला 'डिस' लागतो. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ 'वेगवेगळ्या दिशांना, अलग'. त्यातून पुढे 'उलट करणे', 'काढून घेणे', 'नसणे' अशा छटा फुटल्या.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. फोड दोन तऱ्हांनी करता येईल: (डिस + हार्ट) + एन, किंवा डिस + (हार्ट + एन). मला दुसरी बरोबर वाटते. कारण एखादी वस्तू काढून घ्यायची असेल तर 'डिस' सरळ नामाला चिकटतो आणि शेवटी काहीच लागत नाही. आर्म्स म्हणजे शस्त्रं, ती काढून घेतली की डिसआर्म. तिथे 'डिसआर्मन' होत नाही. त्याअर्थी इथे आधी हार्टन हे क्रियापद तयार झालं आणि 'डिस'ने ते क्रियापद उलटं फिरवलं. म्हणजे 'हृदय काढून घेणे' हा शब्दशः अर्थ थोडा बाजूला पडतो आणि 'धीर देण्याच्या उलट जे काही, ते करणे' असा अर्थ हाती लागतो. धीर द्यायला बाहेरून कुणीतरी लागतं, तसा तो खचवायलाही. डिसहार्टनमध्ये हे बाहेरून येणं कायम जाणवतं.

जुना प्रयोग बघायचा तर शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये आहे, साधारण १५९९ सालचं नाटक. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातल्या अजिंकोरच्या लढाईची आदली रात्र. लढाई खरोखर झाली ती २५ ऑक्टोबर १४१५ ला. राजा वेष पालटून आपल्याच शिपायांमध्ये बसला आहे. तो म्हणतो, राजालाही इतरांसारखीच भीती वाटते, पण ती त्याच्या चेहऱ्यावर कुणी येऊ देऊ नये, नाहीतर ती दिसली की त्याचं सैन्य डिसहार्टन होईल. हा प्रयोग मला फार नेमका वाटतो. सैन्याचा काही अपेक्षाभंग झालेला नाही. त्याला कुणी माघारी जा म्हटलेलं नाही. फक्त एक चेहरा पडला तर हजारो लोकांच्या पायातलं बळ जाईल, एवढंच. मराठीत इथे 'निराश होईल' हे किती अपुरं पडतं बघा. 'सैन्याचं अवसान गळेल' म्हटलं की वाक्य जागेवर बसतं.

तुम्ही काय शब्द वापरता? आणि या कुळातल्या बाकीच्या क्रियापदांबद्दलही लिहा.

टिपकागद

सुंदर धागा. मी शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा उच्चाराचं सांगते. हा शब्द पहिल्यांदा वाचणारी बहुतेक मुलं 'डिशार्टन' म्हणतात. एस आणि एच शेजारी दिसले की डोळा 'श' वाचतो. मिसहॅपचंही तेच, 'मिशॅप' होतं. मी फळ्यावर शब्द लिहून 'डिस'नंतर खडूने उभी रेघ मारते. एकदा रेघ दिसली की परत चूक होत नाही. फोड कळण्याचा हा सगळ्यात रोकडा फायदा.

दुसरं, इथला 'ह' स्पष्ट उच्चारायचा, पण डिसऑनेस्ट आणि डिसऑनरमध्ये तोच एच मुका. कारण ऑनेस्ट, ऑनर हे फ्रेंचमधून आलेले, तिकडे त्यांचा 'ह' कधीच गळाला होता. हार्ट अस्सल इंग्रजी, त्याचा 'ह' शाबूत.

रानवाट

वाचतोय. एक शंका. 'डिस' आणि आपला 'दुस्/दुर्' हे एकच का? दुर्बल, दुर्दैव, दुःसह यांच्यासारखाच वाईट अर्थ 'डिस'मध्येही दिसतो.

व्यंजनान्त

@रानवाट, ही शंका अनेकांना येते, आणि उत्तर मोठं छान आहे.

'दुस्'चा भाऊ इंग्रजीत आहे, पण तो वेगळा: ग्रीकमधून आलेला 'डिस', ज्याच्या स्पेलिंगमध्ये वाय असतो. डिस्पेप्सिया म्हणजे दुःपचन, डिस्लेक्सियातला 'डिस' तोच. हा 'वाईट, अवघड' अर्थाचा. डिसहार्टनमधला आय असलेला 'डिस' लॅटिन. त्याचं नातं 'दोन' या संख्येशी असल्याचं मानतात, म्हणजे आपल्या 'द्वि'च्या घरातला. दोन वाटांना जाणं, दुभंगणं, आणि त्यातून अलग होणं. देवनागरीत लिहिलं की दोघे सारखेच दिसतात, म्हणून गल्लत होते.

आता हार्टबद्दल. हार्ट, लॅटिन कोर (विभक्ती लागताना कोर्द), ग्रीक कार्दिया ही सगळी एकाच मुळाची. जर्मॅनिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन यांचं कुळ) मूळच्या 'क'चा 'ह' झाला आणि 'द'चा 'ट'. कोर्दमधल्या दोन्ही व्यंजनांना हा नियम लावा, हार्ट मिळतो. लॅटिन केंतुम (शंभर) आणि इंग्रजी हंड्रेड, लॅटिन देकेम (दहा) आणि इंग्रजी टेन, यांतही तेच. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे बदल व्यवस्थित मांडले, म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी हा थोरला.

संस्कृतातलं 'हृद्' याच अर्थाचं आणि याच कुळातलं मानलं जातं, पण त्याचा 'ह' नियमात बसत नाही. या मुळातून संस्कृतात 'श' यायला हवा होता. तो 'श' बहुतेक अभ्यासकांच्या मते 'श्रद्धा' या शब्दात टिकला आहे: श्रद् + धा, म्हणजे हृदय ठेवणे. लॅटिन क्रेदो, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', याची घडणही हीच. क्रेडिट त्यातूनच आला. डिसहार्टनच्या पोटात श्रद्धेचा सोयरा बसला आहे हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तास दोन तास दुसरं काहीच वाचलं नाही.

आणखी एक. कोरपासून फ्रेंचमध्ये 'कोराज' झाला, त्याचाच इंग्रजी करेज. म्हणजे डिसकरेज आणि डिसहार्टन यांचा आराखडा तंतोतंत एक: तिकडे लॅटिन हृदय, इकडे जर्मॅनिक. डिसकरेज फ्रेंचमधून पंधराव्या शतकात तयारच आला. डिसहार्टन इंग्रजीने घरी घडवला, आणि त्यासाठी उपसर्ग मात्र परका वापरला. घरचा उपसर्ग 'अन' होता की. शेक्सपिअरने 'कोरिओलेनस'मध्ये 'अनहार्ट' हे क्रियापद वापरलंही आहे. ते टिकलं नाही.

रानवाट

@व्यंजनान्त, मनापासून आभार. वाय आणि आयचा फरक आता विसरणार नाही. मग आराखडा एकच असेल तर डिसकरेज आणि डिसहार्टन यांत फरक काय उरला? दोन्ही एकमेकांच्या जागी चालतील की.

मध्यमा

@रानवाट, चालणार नाहीत. इथेच खरी मेख आहे. घडण सारखी, पण वापराने दोघांना वेगळ्या वाटांना नेलं.

डिसकरेजला दोन कामं. एक, माणसाचा उत्साह कमी करणं. दोन, एखाद्या कृतीला आडकाठी करणं. 'स्मोकिंग इज डिसकरेज्ड' हे वाक्य बघा. इथे धूम्रपानाचा धीर खचलेला नाही, ते होऊ नये असा प्रयत्न आहे. 'डिसकरेज्ड हिम फ्रॉम अप्लाइंग' म्हणजे अर्ज करण्यापासून त्याला परावृत्त केलं. त्याचं मन मोडलं की नाही, याची त्या वाक्याला फिकीर नाही.

डिसहार्टन यातलं दुसरं काम करत नाही. त्याचं कर्म माणूसच हवा: एखादी व्यक्ती, एखादा संघ, एखादं सैन्य. आजच्या इंग्रजीत त्याच्यामागे 'फ्रॉम' लावून कृती जोडत नाहीत. धीर खचलेला माणूस पुढे काम सोडेल की तसंच रेटेल, हे डिसहार्टन सांगतच नाही. ते आतल्या पडझडीपाशी थांबतं.

म्हणून भाषांतर करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: वाक्याचा रोख कृतीवर आहे की मनावर? कृतीवर असेल तर परावृत्त करणे, आडकाठी करणे, मोडता घालणे. मनावर असेल तर धीर खचणे, अवसान गळणे, उमेद जाणे, मन मोडणे.

आणखी एक बारकावा. 'एन'वाली कित्येक क्रियापदं दोन्ही बाजूंनी चालतात. सॉफ्टन म्हणजे मऊ करणे आणि मऊ होणेही. डिसहार्टन मात्र फक्त 'करणे'. 'धीर खचला' हे इंग्रजीत 'वॉज डिसहार्टन्ड' किंवा 'लॉस्ट हार्ट' असंच म्हणावं लागतं. मराठी माणसाच्या तोंडून 'आय डिसहार्टन्ड' निघून जातं, कारण आपल्याकडे खचणे आणि खचवणे दोन्ही सहज उपलब्ध आहेत. 'आय डिसहार्टन्ड' ऐकणारा 'कुणाला?' असं विचारेल.

अक्षरवेल

@मध्यमाताई, कृती की मन, हा निकष लिहून ठेवला. माझ्याकडचं कालचंच वाक्य यावर तपासलं. एका संशोधकाच्या आठवणींत आहे: वर्षभराच्या प्रयोगांचे निष्कर्ष डिसहार्टनिंग होते, तरी आम्ही पुढची तयारी सुरू केली. मी आधी 'निराशाजनक' लिहिलं होतं. तो शब्द निष्कर्षांना नुसते गुण देतो, कमी गुण. मूळ वाक्यात निष्कर्षांनी माणसांना काय केलं ते आहे. आता 'निष्कर्षांनी आमची उमेदच खचवली, तरी पुढची तयारी सुरू केली' असं केलंय. 'तरी' या शब्दाला त्यामुळे वजन आलं.

टिपकागद

'खचवली' चांगलं आहे. मी तिथे 'उमेद हरलो' लिहिलं असतं, पण मग करणारे निष्कर्ष वाक्यातून नाहीसे होतात. तुमचंच ठेवा.

'नाउमेद'बद्दलही बोलूया. ना + उमेद + करणे. ना काढून घेतो, उमेद हा गाभा, करणे क्रियापद घडवतं. डिस, हार्ट, एन यांना तुकड्यास तुकडा. ना आणि उमेद दोन्ही फारसी, करणे आपलं. म्हणजे इथेही संकर! कोशात हा शब्द ज्याने डिसहार्टनसमोर लिहिला त्याने फार विचारपूर्वक लिहिला असं माझं ठाम मत आहे.

पाऊलखूण

इतर भाषांतली भर. स्पॅनिशमध्ये 'देस्कोराथोनार' आहे: देस म्हणजे आपला डिस, कोराथोन म्हणजे हृदय, आणि क्रियापदाचा प्रत्यय. डिसहार्टनचं जुळं भावंडच. जर्मनमध्ये 'एन्टमूटिगेन', त्यात मध्ये हृदयाऐवजी 'मूट' म्हणजे धैर्य. हा मूट आणि इंग्रजी मूड एकाच मुळाचे. इंग्रजीत मूडचा जुना अर्थ मन, चित्त, धैर्य असाच होता, आज तो नुसता लहरीपुरता उरला.

अक्षरवेल यांनी कुळातल्या बाकीच्यांबद्दल विचारलं आहे, तर माझे आवडते तीन.

डॉन्ट: लॅटिन दोमितारे, म्हणजे माणसाळवणे, ताब्यात आणणे, यापासून. संस्कृत दम्, दमन आणि इंग्रजी टेम याच घरातले. म्हणून डॉन्टिंग टास्क म्हणजे समोरच्याला दबवून टाकणारं काम. 'अनडॉन्टेड'ला 'न दबलेला' इतका चपखल शब्द मराठीत तयारच आहे, तरी आपण 'निर्भय' लिहितो.

डिटर: दे + तेरेरे, भीती घालून दूर ठेवणे. टेरर यातलाच. इथे हृदयाचा संबंध नाही, भीतीचा आहे. म्हणूनच कायद्याच्या भाषेत डिटरंट येतो, तिथे 'जरब' हा मराठी शब्द मला सर्वांत योग्य वाटतो.

डिस्वेड: डिस + स्वादेरे. हे स्वादेरे, लॅटिन सुआविस म्हणजे गोड, इंग्रजी स्वीट आणि आपलं 'स्वादु' ही सगळी एकाच मुळाची. पर्सुएड म्हणजे गोडी लावून वळवणे आणि डिस्वेड म्हणजे गोड बोलूनच दूर नेणे. डिटरमध्ये धाक, डिस्वेडमध्ये समजावणी.

रानवाट

डिसकरेजच्या उलट एनकरेज, आणि डिसहार्टनच्या उलट हार्टन. एनकरेजमधला पुढचा 'एन' आणि हार्टनमधला मागचा 'एन' एकच का?

व्यंजनान्त

नाही. पुढचा फ्रेंचमार्गे लॅटिन 'इन'वरून आलेला, मागचा जर्मॅनिक. कामं जवळची, वंश वेगळे. एनलायटन, एनलायव्हन यांत तर पुढे एक आणि मागे एक असे दोन्ही आहेत. एनहार्टन असाही शब्द कोशात सापडतो, वापरात मात्र फारसा नाही.

मागच्या 'एन'ची एक खोड सांगतो, हा माझा आवडीचा विषय. तो कुठल्याही शब्दाला लागत नाही. शब्द साधारणपणे एकाच अक्षरावयवाचा (सिलेबलचा) हवा, आणि त्याच्या शेवटी ट, ड, क, फ, स, थ यांच्यासारखं अडवणारं किंवा घासणारं व्यंजन हवं. रंग घ्या. ब्लॅकन होतं, व्हाइटन होतं, रेडन होतं. पण ग्रीन, ब्लू, ब्राउन यांना तो लागतच नाही. थिक-थिकन आहे, पण थिनला 'थिनन' नाही. लाँग आणि स्ट्राँग अनुनासिकाने संपतात म्हणून त्यांना सरळ लागणं जमलं नाही, तिथे लेंग्थ आणि स्ट्रेंग्थ या नामांना धरून लेंग्थन, स्ट्रेंग्थन झालं. हायचं तसंच, हाइटला धरून हाइटन. हार्टच्या शेवटी 'ट' आहे, म्हणून तो आपसूक या पंगतीत बसला. सोल म्हणजे आत्मा, त्याच्या शेवटी ल, म्हणून 'सोलन' ऐकायला येत नाही. मग आत्म्याच्या बाजूने लॅटिन स्पिरिट धरून, प्रत्यय न लावता, डिस्पिरिट झालं.

पाऊलखूण

ग्रीन आणि थिनचं उदाहरण फार आवडलं. इतकी वर्षं बोलतोय, कधी जाणवलंच नव्हतं.

मध्यमा

एक राहिलं: तेजोवध. महाभारतात युधिष्ठिर शल्याला सांगतो की तू कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचा तेजोवध कर. आणि पुढे शल्य रथावर बसून कर्णाला बोल लावत राहतो. डिसहार्टनचं इतकं सविस्तर चित्र दुसरं मिळायचं नाही. पण भाषांतरात तेजोवध जपून वापरावा. त्यात करणाऱ्याचा हेतू असतो. डिसहार्टनला हेतू लागत नाही; पाऊस, निकाल, एखादी बातमी, काहीही माणसाला डिसहार्टन करू शकतं. बातमी तेजोवध करत नाही. खच्चीकरणाचंही तेच: त्यात कुणीतरी मुद्दाम करतंय असं ध्वनित होतं. डीमॉरलाइजसाठी ते ठीक. त्याचा इंग्रजीतला आधीचा अर्थ नीतिभ्रष्ट करणे असा होता, मनोधैर्य खचवणे हा नंतरचा.

अक्षरवेल

हेतूचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हेन्री राजाच्या वाक्यातही तो लागू पडतो: राजाला सैन्य खचवायचं नाही, पण चेहऱ्यावरची भीती ते काम करून जाईल.

@टिपकागद, नाउमेदबद्दल तुमच्याशी सहमत. फक्त एक अडचण दिसते. नाउमेद बोलण्यात सहसा 'नाउमेद होऊ नका' या रूपात येतो, समजूत घालताना. 'डोन्ट बी डिसहार्टन्ड'ला म्हणून तो अगदी फिट. पण 'लांबलेल्या वाटेने त्यांना नाउमेद केलं' हे मला थोडं पुस्तकी वाटतं. तिथे मी 'वाट इतकी लांबली की त्यांचं अवसानच गळालं' असं लिहीन.

टिपकागद

चालेल. पण मुलांच्या निबंधावर शेरा लिहिताना मी 'नाउमेद होऊ नकोस'च लिहिणार. 'तुझं अवसान गळू देऊ नकोस' म्हटलं तर दहा वर्षांचं मूल घाबरेल.

रानवाट

डिसअपॉइंटची फोड कुणी केली नाही. तिथे अपॉइंटचा काय संबंध?

व्यंजनान्त

सरळ संबंध आहे. अपॉइंट म्हणजे नेमणे, डिसअपॉइंट म्हणजे मुळात नेमणूक काढून घेणे, पदावरून दूर करणे. त्यातून ठरलेलं मोडणे आणि मग अपेक्षाभंग करणे. म्हणून डिसअपॉइंटला आधी अपेक्षा लागते. डिसहार्टनला अपेक्षा असायलाच हवी असं नाही, धीर असला की पुरे. डिप्रेसवर वेगळा धागा काढायला हवा, कारण तिथे वैद्यकीय अर्थही येतो आणि तो दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही.